डोंगरीचें कापड आणि स्वस्ताईचें शास्त्र

कारखान्यांतला कामगार सदरा आणि विजार एकत्र शिवलेला जो जाडसर पोषाख अंगांत घालतो, त्याला आपल्याकडे डांगरी म्हणतात. हा शब्द साहेबाबरोबर आला अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः साहेबानें तो येथूनच नेला. मुंबईच्या डोंगरी भागांत जें जाडेंभरडें सुती कापड विकलें जाई त्याला त्या जागेचेंच नांव पडलें, असें कोशकार सांगतात. आणि सतराव्या शतकापासून इंग्रजी लिखाणांत या कापडाचा उल्लेख सांपडतो. शिडें, तंबू आणि खलाशांच्या विजारी यांसाठीं तें खपे. तें सुंदर आहे म्हणून कोणी घेत नसे. तें लवकर फाटत नाहीं म्हणून घेत. पुढें त्या नांवाला इंग्रजी उच्चाराचा मुलामा चढला, तें देशोदेशींच्या श्रमिकांच्या पोषाखाचें नांव झालें, आणि परत येऊन आमच्याच कारखान्यांत व गोदींत परकें म्हणून वावरूं लागलें.

शब्दाच्या या येरझारांचें कौतुक करण्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत नाहीं. त्या जुन्या कापडाच्या गुणाविषयीं आज जो बेफिकीरपणा सर्वत्र माजला आहे, त्याविरुद्ध आम्हांला बोलावयाचें आहे. जगाचा बाजार एक झाला आहे, जेथें स्वस्त शिवून मिळेल तेथून घ्यावें, देशी-परदेशी हा भेद आतां जुनाट झाला, असें एक पक्ष म्हणतो. देशांत शिवलें म्हणजे झालें, मग तें तीन महिन्यांत विरलें तरी देशभक्तीनें सोसावें, असें दुसरा पक्ष मानतो; उघड म्हणत नाहीं, पण वागतो तसा. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एकाच चुकीचे भागीदार आहेत. कापड टिकतें तें केवळ सुताच्या जाडीनें नव्हे. ज्याच्या अंगावर तें फाटतें त्याची तक्रार, ज्याच्या हातून तें शिवलें जातें त्याच्या कानापर्यंत पोंचत असेल, आणि त्याला ती ऐकणें भाग पडत असेल, तरच कापड टिकाऊ होतें. कष्टकऱ्याचें कापड देशांत व्हावें याचें खरें कारण हें आहे; आणि देशांत झालेलें कापडही पुष्कळदां वाईट कां निघतें, याचें कारणही हेंच आहे.

प्रथम एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. अमेरिकेंतील नेव्हाडा राज्यांत रीनो नांवाचें गांव आहे. तेथें जेकब डेव्हिस नांवाचा एक शिंपी होता. एका मजुराची बायको त्याच्याकडे आली आणि नवऱ्याच्या अंगावर विजार टिकत नाहीं, टिकेल अशी एक शिवून दे, म्हणाली. विजारीचे खिसे कोपऱ्यांवर आधीं उसवतात हें डेव्हिसला ठाऊक होतें. घोड्यांच्या झुलींना पट्टे बसवतांना तो तांब्याच्या रिबिटा मारीत असे. त्याच त्यानें खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकल्या. पुढें सान फ्रान्सिस्कोचा जो व्यापारी त्याला कापड पुरवी, त्या लेव्ही स्ट्रॉसशीं भागी करून २० मे १८७३ रोजीं त्यानें या युक्तीचें पेटंट मिळवलें. आज साऱ्या जगांतले तरुण, ज्यांनीं जन्मांत कुदळ उचललेली नाहीं असे सुद्धां, ते तांब्याचे ठिपके मिरवीत हिंडत असतात. परंतु त्या ठिपक्यांचें मूळ पाहावें. तेथें प्रयोगशाळा नव्हती, बाजारपेठेचें संशोधन नव्हतें. मजुराची बायको आणि शिंपी यांच्यांत एका उंबरठ्याचें अंतर होतें, एवढेंच होतें. तक्रार समोर उभी राहिली आणि शिंप्याला तिचें उत्तर द्यावें लागलें.

आतां शास्त्रज्ञांचा पूर्वपक्ष पाहूं. डेव्हिड रिकार्डोनें १८१७ सालीं आपल्या ग्रंथांत जें उदाहरण दिलें तेंही योगायोगानें कापडाचेंच आहे. इंग्लंडांत ठराविक कापड करावयास वर्षभर शंभर माणसें लागतात आणि ठराविक मद्य करावयास एकशेंवीस; पोर्तुगालांत तेंच कापड नव्वद माणसें करतात आणि तेंच मद्य ऐशीं. दोन्ही वस्तु पोर्तुगालांत कमी श्रमांत होत असल्या, तरी पोर्तुगालनें मद्य करावें, इंग्लंडनें कापड विणावें, आणि दोघांनीं अदलाबदल करावी; त्यांत दोघांचाही फायदा आहे. हा युक्तिवाद अंकगणित म्हणून निर्दोष आहे, आणि जो त्याला नुसता हंसून उडवून देतो त्यानें तो वाचलेलाच नसतो. आम्ही तो उडवून देत नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, त्या अंकगणिताच्या भोंवतीं जें कुंपण होतें तें आजच्या पंडितांनीं गुपचूप काढून टाकलें आहे. रिकार्डोनें असें गृहीत धरलें होतें कीं, धनिक लोक आपलें भांडवल सहसा मायदेशाबाहेर नेत नाहींत, थोड्या नफ्यावर संतुष्ट राहतात. आणि ही वृत्ति दुबळी झालेली पाहून आपल्याला वाईट वाटेल, असेंही त्यानें लिहून ठेवलें आहे. आज भांडवल एका रात्रींत समुद्र ओलांडतें, माणूस मात्र जागच्या जागीं राहतो. ज्या गृहीतावर इमारत उभी होती तें गेलें. इमारतीचा पत्ता मात्र पूर्वीचाच सांगितला जातो.

दुसरें असें कीं, पोर्तुगालच्या वांट्याला मद्य आणि इंग्लंडच्या वांट्याला कापड ही विभागणी निसर्गानें केली नव्हती. १७०३ च्या मेथ्यूएन तहानें इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालचा दरवाजा उघडला आणि पोर्तुगीज मद्यावर इंग्लंडांत सवलतीची जकात ठरली. तह आधीं झाला, सिद्धांत मागून आला. हिंदुस्थानाला हा धडा पुस्तकांतून शिकण्याची गरज नाहीं. मुक्त व्यापाराचें स्तोत्र ज्यांच्या तोंडीं अखंड होतें त्यांनींच १८९६ सालीं आमच्या गिरण्यांच्या कापडावर शेंकडा साडेतीन जकात बसवली, कारण लँकेशायरला तशी ‘समता’ हवी होती. आणि ती कायमची रद्द व्हावयास १९२६ साल उजाडलें. म्हणून ‘जगाचा बाजार’ हें वाऱ्यापावसासारखें आपोआप घडणारें कांहीं आहे, असें कोणी सांगूं लागला म्हणजे तहाचा कागद कोणाच्या खिशांत आहे तें आधीं पाहावें.

आणि या बाजारानें श्रीमंत देशांच्या कापडाचें तरी काय केलें? उत्तर कॅरोलायना राज्यांतील ग्रीन्सबरो येथें ‘व्हाइट ओक’ नांवाची गिरणी १९०५ सालीं सुरू झाली. १९१५ पासून लेव्ही स्ट्रॉसच्या प्रसिद्ध विजारीचें कापड ग्रीन्सबरोच्या याच कंपनीकडून जात असे. धोट्याच्या जुन्या मागांवर काठासकट विणलेलें घट्ट निळें कापड ही त्या गिरणीची शेवटपर्यंतची ओळख होती. मध्यंतरीं १९९४ चा उत्तर अमेरिकेचा व्यापारकरार झाला. २००१ सालीं चीन जागतिक व्यापार संघटनेंत आला. १ जानेवारी २००५ रोजीं कापडाच्या आयातीवरचीं संख्येचीं बंधनें उठलीं. १९६० च्या सुमारास अमेरिकन माणूस जे कपडे विकत घेई त्यांतले बहुतेक सगळे त्याच्याच देशांत शिवलेले असत. आज तसे कपडे मुद्दाम शोधावे लागतात. लेव्ही स्ट्रॉसनें आपले स्वतःचे अमेरिकेंतले शेवटचे शिवणकारखाने २००३-०४ च्या हिंवाळ्यांत बंद केले. ३१ डिसेंबर २०१७ रोजीं व्हाइट ओकचेही माग थांबले. गिरणीच्या मालकांचे मेक्सिकोंतील आणि चीनमधील कारखाने मात्र चालूच राहिले. भांडवल दिवाळखोर झालें नव्हतें; त्यानें फक्त गांव बदललें होतें.

यावर कोणी म्हणेल, अमेरिकेच्या मजुराला विजार स्वस्त मिळाली ना, मग रडतां कशाला? या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं आधीं स्वस्त म्हणजे काय तें ठरवलें पाहिजे. उदाहरणादाखल, एक विजार चारशें रुपयांना मिळते आणि चार महिने टिकते. दुसरी हजार रुपयांना मिळते आणि दीड वर्ष टिकते. पहिली महिन्याला शंभर रुपयांना पडली, दुसरी सुमारें पंचावन्नांना. हा हिशेब कोणत्याही शेतकऱ्याला समजतो. घोंगडी घेतांना तो असाच हिशेब करतो. पण ज्याच्या हातांत एका वेळीं चारशेंच रुपये आहेत त्याला तो समजून उपयोग नाहीं. त्याला महागडी विजार घ्यावी लागते, कारण ती स्वस्त आहे. गरिबी ही अशी महाग असते. स्वस्ताईचें शास्त्र नगावर किंमत लावतें, दिवसावर लावीत नाहीं. म्हणून त्याच्या कोष्टकांत गरीब माणूस दरवर्षीं श्रीमंत होत असतो आणि प्रत्यक्षांत त्याच्या गुडघ्यावर ठिगळ असतें. हल्लीं तर ठिगळही लागत नाहीं, कारण पातळ कापड टांका धरीत नाहीं.

त्याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. साखळी लांबली म्हणजे फाटलेल्या गुडघ्याची तक्रार कोणाकडे जाते? कापूस एका देशांत पिकतो, सूत दुसऱ्यांत निघतें, कापड तिसऱ्यांत विणलें जातें, शिवण चौथ्यांत पडते आणि चिठ्ठी पांचव्यांत लागते. दुकानदार म्हणतो, मीं फक्त विकलें. कंपनी म्हणते, आम्हीं फक्त मागवलें. कारखानदार म्हणतो, ठरलेल्या दरांत एवढेंच बसतें. शिवणारी बाई कांहींच म्हणत नाहीं, कारण तिला कोणी विचारीतच नाहीं. आणि तक्रार जशी खालीं पोंचत नाहीं तशी ती वरही येत नाहीं. २४ एप्रिल २०१३ रोजीं ढाक्याजवळ सावर येथें राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसें मेलीं. भिंतींना पडलेले तडे आदल्या दिवशींच दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानें त्या सकाळीं बंद ठेवलेलीं होतीं. वरच्या मजल्यांवर कपडे शिवणाऱ्यांना मात्र कामावर चढवलें गेलें, कारण माल वेळेवर जावयास हवा होता. ज्या व्यवस्थेला भिंतीचा तडा ऐकूं येत नाहीं तिला विजारीची शिवण ऐकूं येईल, ही अपेक्षाच वेडेपणाची आहे.

येथें एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिलें पाहिजे. बांगलादेशांतल्या लाखों स्त्रिया या शिवणकामावर जगतात; प्रत्येक देशानें आपापलें कापड आपणच शिवूं असें ठरवलें, तर त्यांनीं काय करावें? शिवाय आपला देशही कपडे निर्यात करतोच. आक्षेप खरा आहे. म्हणूनच आम्ही दारें बंद करा असें म्हणत नाहीं. हौशीचे, ऋतूचे, मिरवण्याचे कपडे जगभर खुशाल फिरूं देत. परंतु गटारांत उतरणारा, भट्टीपुढें उभा राहणारा, उंच तारेवर चढणारा, रोग्याची शुश्रूषा करणारी, यांच्या अंगावरचें कापड हें हौशीचें नाहीं. तें त्यांचें अवजार आहे. तें विणण्या-शिवण्याची शक्ति प्रत्येक देशानें आपल्या घरीं जागती ठेवावी, मग तो देश बांगलादेश असो वा अमेरिका. अमेरिकेनेंही हें तत्त्व एका ठिकाणीं मानलेलें आहे. १९४१ च्या ‘बेरी दुरुस्ती’नें तेथील संरक्षणखात्यानें सैनिकांचे कपडे, थोडे अपवाद सोडतां, स्वदेशांत पिकलेल्या, कातलेल्या आणि शिवलेल्या मालाचेच घेतले पाहिजेत, असें ठरलें. सैनिकाच्या पाठीला जो न्याय लावला तो मजुराच्या पाठीला लावावयास काय हरकत होती, याचें उत्तर मुक्त व्यापाराच्या भाष्यकारांनीं द्यावें.

ही शक्ति जागती असण्याचें मोल काय, तें आपण २०२० सालीं डोळ्यांनीं पाहिलें. साथ आली तेव्हां डॉक्टरांना आणि परिचारिकांना आपादमस्तक झांकणारा जो पोषाख हवा होता, तो आपल्या देशांत जवळजवळ होतच नव्हता. कोठें कोठें डॉक्टरांनीं पावसाळी कोट घालून रोगी तपासले. पण तिरुपूर, लुधियाना, बंगळूर या गांवांत कापणारे, शिवणारे, यंत्र दुरुस्त करणारे हात शिल्लक होते. कोइमतूरच्या संशोधनसंस्थेनें नमुने तपासावयास घेतले. शिवणींतून द्रव झिरपतो असें दिसलें तेव्हां शिवणीवर पट्टी चिकटवण्याचीं यंत्रें आणविलीं गेलीं. आणि मे महिन्यांत देशांत दिवसाला साडेचार लाख पोषाख होऊं लागले. या घटनेचा अभिमान पुष्कळांनीं मिरवला, पण तिचा अर्थ थोड्यांनींच लावला. तेथें चमत्कार घडला नाहीं. घालणारा, तपासणारा आणि शिवणारा हे तिघे एका देशांत, एका कायद्याखालीं, एकमेकांच्या हांकेच्या टप्प्यांत होते. रीनोच्या शिंप्याचाच तो उंबरठा होता, देशाएवढा रुंद झालेला.

येथपर्यंत वाचून स्वदेशीचे अभिमानी आमच्या पाठीवर थाप मारावयास पुढें आले असतील. त्यांनीं क्षणभर थांबावें, कारण आतां आम्हांला त्यांच्याकडे वळावयाचें आहे.

देशांत झालें म्हणून टिकाऊ झालें, हें खोटें आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी सुरू झाली तेव्हां हजारों सैनिकांचे गणवेश घाईघाईनें शिवले गेले. ते अमेरिकन ठेकेदारांनीं, अमेरिकन सैनिकांसाठीं, अमेरिकन देशभक्तीच्या पैशानें शिवले होते. पण चिंध्या पिंजून काढलेल्या ‘शॉडी’ नांवाच्या लोकरीचे ते होते, आणि पहिल्या पावसांत ते अंगावरच विरघळले. तेव्हांपासून इंग्रजी भाषेंत त्या शब्दाचा अर्थच भिकार माल असा झाला. त्याच युद्धामुळें लँकेशायरला कापूस मिळेनासा झाला, तेव्हां तेथल्या गिरण्यांनीं कापडावर खळीबरोबर चिनी मातीचा भरमसाट लेप देऊन वजन भरून काढलें, आणि कापूस पुन्हां मिळूं लागल्यावरही ही संवय कित्येक वर्षें सुटली नाहीं. तें कापड आमच्या रयतेनें घेतलें आणि पहिल्या धुण्याला तिला माती मिळाली. रयतेची तक्रार मँचेस्टरला पोंचत नव्हती, हें समजण्यासारखें आहे. पण १९०५ सालीं काय झालें? पुण्यांत विलायती कापडाची होळी झाली, बंगालनें बहिष्काराची शपथ घेतली, आणि मुंबईच्या गिरणीवाल्यांनीं या उत्साहाचा फायदा घेऊन भाव चढवले, अशी तक्रार त्या वेळींच उठली होती. होळींत कापड टाकलें तें ज्याला दुसरें घेणें जड होतें त्यानेंही टाकलें. नफा उचलला तो ज्याचें कांहींच जळलें नव्हतें त्यानें. स्वदेशीच्या नांवानें गरिबाची तक्रार बंद करतां येते, हा तिचा सर्वांत मोठा धोका आहे. विलायती माल वाईट निघाला तर माणूस निदान शिव्या देऊं शकतो. देशी माल वाईट निघाला तर त्याला तेंही पाप वाटावें, अशी व्यवस्था केली जाते.

आजची गोष्ट घ्या. प्रस्तुत लेखक ज्या शहरांत राहतो तेथें भल्या सकाळीं रस्ते झाडणारी एक बाई गेल्या पावसाळ्यांत दारापाशीं पाणी प्यावयास थांबली. तिच्या अंगावर गणवेशाचा नवा कोट होता आणि त्याची बाही कांखेंत वीतभर उसवली होती. कधीं मिळाला, असें विचारलें तेव्हां ती म्हणाली, “दोन म्हैनं झालं, बाबा. शिवून घेतला, तर शिवणीशेजारीं फाटला.” तक्रार केली कां, असें विचारल्यावर ती हंसली. तें हंसूं आम्हांला बरेंच कांहीं शिकवून गेलें. कोट देशांतच शिवलेला होता. तो शिवणारा कदाचित् पन्नास कोसांच्या आंतच राहत असेल. परंतु तिच्या आणि त्याच्यामध्यें मुकादम होता, कामाचा ठेकेदार होता, कोटाचा ठेकेदार होता, भांडारपाल होता, हिशेबनीस होता, आणि सर्वांच्या वर एक निविदा होती. आणि त्या निविदेंत सर्वांत कमी दराला मान होता. हें अंतर ढाक्याहून कमी आहे असें कोणीं म्हणावें?

आपल्या सरकारी खरेदीचा सर्वसाधारण नियमच असा आहे. मालाचा नमुना कागदांतल्या अटींत बसला कीं, मग फक्त दर पाहावयाचा. २०१७ सालच्या हुकुमानें केंद्र सरकारनें देशी मालाला खरेदींत अग्रक्रम दिला, हें चांगलेंच झालें. आणि सरकारी खरेदीच्या जागतिक करारावर भारतानें सही केलेली नसल्यामुळें त्याला तसें करण्याची मोकळीकही आहे. परंतु तो हुकूम माल किती टक्के देशी आहे तें मोजतो. तो किती दिवस टिकतो तें मोजीत नाहीं. परिणाम असा होतो कीं, जो कारखानदार दुहेरी सुताचें कापड घेतो, तिरप्या विणीचें घेतो, शिवण दुमडून दोनदां मारतो, खिशाच्या तोंडावर आडवे टांके घालतो, बगलेंत जादा तुकडा लावतो, तो दरांत हरतो. आणि जो टांक्यांतलें अंतर वाढवतो, दोरा बारीक करतो, कापडाला खळ देऊन नमुन्यापुरतें कडक करतो, तो जिंकतो. सोलापुरासारख्या शहरांत गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे. तेथल्या कुशल कारागिराला चांगलें शिवतां येत नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. त्याला तसें शिवूंच दिलें जात नाहीं. वाईट काम करण्याची सक्ति हा कारागिराचा सर्वांत मोठा अपमान आहे, आणि तो आपण दरवर्षीं निविदा काढून करतों.

मग करावें काय? आमच्या सूचना फार मोठ्या नाहींत. पहिली ही कीं, नगरपालिका, परिवहन, वीजमंडळें, इस्पितळें यांनीं कामाच्या कपड्याची किंमत नगावर न धरतां वापराच्या महिन्यावर धरावी, आणि ठरलेल्या मुदतीच्या आंत कपडा गेला तर तो बदलून देण्याचा भार पुरवठादारावर टाकावा. दुसरी ही कीं, कपडा पसंत करणाऱ्या समितींत तो घालणारीं माणसें बसवावीं, नांवापुरतीं नव्हे, तर नकार देण्याच्या अधिकारानें. आणि नमुना टेबलावर न पाहतां चार महिने त्यांच्या अंगावर पाहावा. तिसरी ही कीं, प्रत्येक कपड्यावर शिवणाऱ्या कारखान्याचें नांव आणि गांव असावें, आणि कोणाचा माल किती दिवस टिकला याचा तक्ता दरवर्षीं छापला जावा. चौथी ही कीं, प्रत्येक मोठ्या आगारांत एक शिंपी नेमावा. उसवलेली शिवण ज्या दिवशीं उसवली त्याच दिवशीं घातली गेली, तर कपड्याचें आयुष्य वाढतें, हें आपल्या आज्यांना ठाऊक होतें. तें आपल्या भांडारपालांना शिकवावें लागेल.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा कीं, तिजोरीवर बोजा पडेल. पहिल्या वर्षीं पडेल हें आम्ही मान्य करतों. परंतु तीन वर्षांत तीन कोट घेण्यापेक्षां एक घेणें स्वस्त पडतें, हें समजण्यासाठीं अर्थमंत्री असावें लागत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे: कपडे टिकूं लागले तर खप कमी होईल, आणि शिवणाऱ्यांचाच रोजगार जाईल. या न्यायानें वैद्यांनीं रोग वाढवावेत आणि गवंड्यांनीं पडतील अशा भिंती बांधाव्यात. जो रोजगार दुसऱ्या गरिबाच्या खिशाला भोंक पाडून चालतो तो रोजगार नव्हे. ती एका गरिबाकडून दुसऱ्याकडे फिरणारी उसनवारी आहे. शिवाय जाड कापड, दुहेरी शिवण आणि दुरुस्ती यांत श्रम कमी लागत नाहींत, अधिक लागतात. कमी होतो तो कचरा.

शेवटीं मुंबईविषयीं दोन शब्द. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणगांवांतले सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधीं मागें घेतलाच गेला नाहीं, गिरण्याच संपल्या. त्या जागांपैकीं कित्येकींवर आज कांचेचीं दुकानें उभीं आहेत, आणि तेथें निळ्या जाड कापडाच्या विजारी विकल्या जातात. त्यांतल्या कांहीं गुडघ्यावर मुद्दाम फाडलेल्या असतात आणि फाडल्याबद्दल अधिक पैसे घेतात. ज्या आवारांत मजुरानें कापड विणलें तेथेंच मजुराच्या फाटक्या विजारीची नक्कल शोभेसाठीं विकली जावी, यावर टीका करण्याची आम्हांला इच्छा नाहीं. आमचें मागणें साधें आहे. त्या दुकानासमोरचा रस्ता पहांटे झाडणाऱ्या बाईच्या कोटाची बाही उसवूं नये. आणि उसवलीच, तर ती कोणाला सांगावयाची हें तिला माहीत असावें, आणि ज्याला सांगितलें त्याला ती शिवून देणें भाग पडावें. एवढें ज्यांना साधेल त्यांनीं स्वदेशीचें नांव खुशाल घ्यावें; तोंवर त्यांनीं तें जरा जपून उच्चारावें हें बरें.